वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकपदाचा प्रभार

मुख्याध्यापकपदाचा प्रभार आला म्हणजे अध्यापन दुय्यम झाले, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती बरोबर नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीची पटसंख्या १५० हून अधिक असेल, तरच स्वतंत्र मुख्याध्यापक धरलेला आहे. दर्यापूर तालुक्यातील लहान गावच्या दोनशिक्षकी शाळेत म्हणूनच वर्ग व प्रभार एकाच शिक्षकास सांभाळावे लागतात. नोंदवह्या भरता भरता त्याच्याच वर्गाची आबाळ होते, हा यातील खरा धोका होय. सबब सकाळचे पहिले दोन तास अध्यापनाचेच ठेवावेत व कागदपत्रांना शाळा सुटतेवेळची वेळ नेमून द्यावी.

कालपर्यंत बरोबरीने काम करणाऱ्या सहकाऱ्याच्या वर्गात तपासनीस म्हणून जाऊ नये. प्रथम त्यास आपला पाठ पाहण्यास बोलवावे; नंतर त्याचा पाहावा.

कापूसवेचणीच्या दिवसांतील गैरहजेरी आणि खारपाणपट्ट्यातील पिण्याच्या पाण्याची अडचण एकट्या शिक्षकास सुटणारी नाही. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असतात. त्यांच्यापुढे हजेरीपट उघडून ठेवावा.

महिनाअखेर स्वतःस विचारावे : या महिन्यात माझ्या वर्गातील कोणते मूल नव्याने वाचू लागले? नाव सांगता आले नाही, तर नोंदवह्या पूर्ण असूनही काम अपुरे राहिले असे समजावे.