बाहुलीला मान, हातांचे काय?

बाहुल्यांचा खेळ म्हटला की आपल्याकडे पोरांची करमणूक डोळ्यांपुढे येते. जपानच्या ओसाका शहरात मात्र तीनशेहून अधिक वर्षे मोठी माणसे बाहुल्यांपुढे बसून डोळे पुसत आली आहेत. या नाट्याला आज बुनराकु म्हणतात. ते काव्यावर आणि संगीतावर उभे आहे. आम्ही त्याविषयी लिहितो आहोत, कारण ज्या हातांनी या बाहुल्या हलवल्या त्या हातांचा इतिहास आपल्या चांगल्या ओळखीचा आहे.

१६८४ साली ताकेमोतो गिदायु या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या गायकाने ओसाकात नाट्यगृह काढले. बाहुली बोलत नाही. बाजूला बसलेला एकच गायक सगळ्या पात्रांचे बोलणे, रडणे, हसणे आपल्या गळ्यातून काढतो आणि शामिसेन हे तीन तारांचे वाद्य त्याला साथ देते. गिदायुसाठी चिकामात्सु मोंझाएमोन या नाटककाराने संहिता लिहिल्या. १७०३ साली ओसाकात सोया सॉसच्या दुकानातला एक नोकर आणि वेश्यावस्तीतली एक स्त्री यांनी एकत्र आत्महत्या केली. महिन्याभरात चिकामात्सुने ती घटना बाहुल्यांच्या रंगमंचावर आणली. राजे-सरदारांच्या कथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी एका नोकराचे दुःख काव्यात ऐकले आणि गर्दी लोटली. पुढे अशा आत्महत्या वाढल्या तेव्हा १७२३ साली सरकारने या विषयावरच्या नाटकांवर बंदी घातली. पैशापायी आणि प्रतिष्ठेपायी माणसे मरत होती. सत्तेने बंदी घातली ती नाटकावर! सत्तेची ही रीत आपल्याला नवी नाही.

१७३४ पासून एक बाहुली तिघेजण मिळून हलवू लागले. एक पाय सांभाळतो, दुसरा डावा हात आणि मुख्य कलावंत डोके व उजवा हात. पायांवर दहा वर्षे, डाव्या हातावर दहा वर्षे घालवावी तेव्हा मुख्य जागा मिळते, असे तिथे सांगितले जाते. पाय आणि डावा हात सांभाळणारे दोघे काळ्या कपड्यांत, तोंडावर काळा बुरखा घेऊन असतात. प्रेक्षकाने त्यांना पाहायचे नाही, हा रंगमंचाचा संकेत.

पण रंगमंचाबाहेरही समाजाने अशाच हातांकडे पाहायचे नाकारले, त्याला काय म्हणायचे? अकराव्या शतकातला दरबारी पंडित ओए नो मासाफुसा भटक्या बाहुलीवाल्यांविषयी लिहून गेला आहे: शेती नाही, कर नाही, कुणाचे राज्य नाही. पुढे निशिनोमिया आणि आवाजी बेटावरचे बाहुलीवाले एबिसु देवाची बाहुली घेऊन दारोदार फिरत, मासळी आणि भरभराट मागत. लोकांना बाहुलीचा आशीर्वाद हवा होता, पण बाहुलीवाला उंबऱ्याबाहेरच बरा होता. त्यांतल्या अनेकांची गणना बहिष्कृतांत होई. आपल्याकडच्या पोतराजाच्या नशिबी हेच आले. त्याने देवाचे ओझे वाहायचे आणि विटाळही त्याच्याच अंगाला चिकटायचा!

याच आवाजी बेटावरून उएमुरा बुनराकुकेन ओसाकाला आला. बुनराकु हे नाव त्याच्यावरून पडले. १८७१ च्या फर्मानाने बहिष्कृतांची हीन नावे कागदावरून गेली, मनातून गेली नाहीत. म्हणून १९२२ साली क्योतोत त्यांनीच सुइहेइशा ही समतेची संघटना उभारली. महाडच्या सत्याग्रहाआधीची ही पाच वर्षे ध्यानात घ्यावीत. तरीही १९७५ साली बहिष्कृत वस्त्यांच्या गुप्त याद्या कंपन्यांना विकल्या जात असल्याचे उघड झाले. नोकरी देण्याआधी उमेदवाराचे गाव तपासायचे, यासाठी त्या याद्या! या भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हायला २०१६ साल उजाडले.

बुनराकुला मात्र २००३ सालीच युनेस्कोने मानवजातीचा वारसा ठरवले. बाहुलीच्या वाट्याला सन्मान आधी आला, माणसाच्या वाट्याला कायदा नंतर.

एक गोष्ट मात्र आपण घ्यावी अशी आहे. जपानच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने १९७२ पासून बुनराकुचे प्रशिक्षण सुरू केले. बापाचा धंदा काय, हे तिथे विचारले जात नाही आणि आजचे बरेच कलावंत याच वाटेने आले आहेत. या व्यावसायिक मंडळीत अजूनही पुरुषच आहेत, ही उणीव डोळ्यांआड करता येणार नाही. विशेष असे की आवाजीच्या त्सुरुझावा तोमोजी या शामिसेनवादक स्त्रीला १९९८ साली ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान मिळाला.

आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर आदिवासींनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यानपिढ्या जपल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, याचा आम्हाला आनंद आहे. पण कला जपण्याचा बोजा एकाच जमातीने जन्माने का वाहावा? जन्माने धंदा ठरवणारी व्यवस्था माणसांची वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावले. ठाकरांच्या पोराला डॉक्टर होता यावे आणि डॉक्टरच्या पोराला बाहुलीची दोरी धरावीशी वाटावी. शिकवणाऱ्या ठाकर कलावंताला गुरूचा मान आणि पगार मिळावा. सरकारने महोत्सवात हार घालण्यापेक्षा अशी शाळा काढावी. आणि आपल्या जलशांनी गाण्यातून माणसे जागी केली, तशी या बाहुल्यांना आपल्या व्यथांची नवी काव्ये कोण देणार, हा प्रश्न आम्ही आपल्या कवी-शाहिरांपुढे ठेवतो.