भगवानदादा: २५ खोल्यांच्या बंगल्यातून पुन्हा चाळीत

आमच्या बावधनमध्ये गणपतीच्या मिरवणुकीत ढोल थांबून गाणी लागली की कुणीतरी हात हलवत, कंबर डुलवत तो खास संथ नाच करतोच. ही देणगी हिंदी चित्रपटांतले नट-दिग्दर्शक भगवानदादांची, म्हणजे भगवान आबाजी पालव यांची.

जन्म १९१३ चा, वडील गिरणी कामगार. मूकपटांपासून सुरुवात करून त्यांनी कमी खर्चाचे स्टंटपट काढले आणि कामगार प्रेक्षक जिंकला. पुढे चेंबूरला स्वतःचा जागृती स्टुडिओ उभारला. राज कपूर यांनी सामाजिक चित्रपट काढायचा सल्ला दिला आणि १९५१ मध्ये 'अलबेला' आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक दादाच. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र. चित्रपट तुफान चालला. जुहूला २५ खोल्यांचा बंगला झाला, दारात सात गाड्या आल्या.

मग 'झमेला' आणि 'लाबेला' यांना ते यश मिळालं नाही. किशोरकुमारला घेऊन सुरू केलेला 'हंसते रहना' अपुराच राहिला आणि त्यात पैसा बुडाला. बंगला, गाड्या विकाव्या लागल्या. दादा दादरच्या चाळीत परतले आणि मिळतील त्या छोट्या भूमिका करत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ ला तिथेच त्यांचं निधन झालं.

निर्माता, दिग्दर्शक आणि नायक एकच असला की एका चित्रपटाचं अपयश थेट त्याच्या घरावर येतं. दादांच्या आयुष्यावरचा २०१६ चा 'एक अलबेला' जरूर पाहा. मंगेश देसाईंनी दादा मनापासून साकारलेत. पण त्याआधी मूळ 'अलबेला' बघा!