कुत्र्याच्या पायाची खाज : तिचीं कारणें व उपाय

मळ्यांतील वस्तीवर किंवा खळ्यावर राखणीस असलेला कुत्रा हा शेतकऱ्याचा भरंवशाचा चाकर होय. बैल जरासा लंगडला तर आपण तत्काळ त्याचा खूर उचलून पाहतों. परंतु कुत्रा दिवसभर पंजे चाटीत बसला तर ‘ती त्याची खोडच आहे’ असें म्हणून सोडून देतों. वास्तविक असें सतत चाटणें हें बहुधा एखाद्या दुखण्याचें लक्षण असतें. तें दुखणें कसें ओळखावें व त्यावर उपाय करतांना कोणती खबरदारी घ्यावी, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

कुत्र्यास अंगावर खाज सुटली तर तो मागच्या पायाच्या नखांनीं खाजवितो. पंजास सुटली तर त्याच्यापाशीं जीभ व पुढचे दांत हींच साधनें असतात. चिखल किंवा कचरा काढण्यापुरतें चाटणें स्वाभाविक आहे. परंतु तें घटकान् घटका चालूं लागलें म्हणजे बोटांच्या बेचक्या लाळेनें सदैव ओल्या राहतात, त्या ओलाव्यांत बुरशी व जंतु वाढतात, आणि त्यांमुळें खाज अधिकच वाढते. अशा रीतीनें मूळ कारण गेलें तरी चाटणें सुटत नाहीं. पांढऱ्या कुत्र्याचे पंजे तांबूस दिसूं लागले तर तें सततच्या चाटण्याचें चिन्ह समजावें. तो रंग लाळेंतील एका द्रव्याचा असतो.

परीक्षा करतांना प्रथम एक गोष्ट पाहावी : कुत्रा एकच पाय चाटतो कीं चारही?

एकच पाय चाटीत असल्यास कांटा, कांच, चिरलेलें नख किंवा बोटांमध्यें चिकटलेली गोचीड बहुधा सांपडते. पावसाळा सरून कुसळी गवत पिकलें म्हणजे कुसळांचा उपद्रव विशेष होतो. कुसळाचें टोक अणकुचीदार असून त्यावरील राठ केस मागें वळलेले असतात. त्यामुळें तें पुढें शिरतें, मागें मात्र फिरत नाहीं. बोटांच्या बेचक्यांतून आंत गेलेलें कुसळ वर सरकत जातें, तेथें गांठ येते व पू वाहूं लागतो.

चारही पायांस खाज असल्यास कारण बहुधा सर्व शरीराशीं संबद्ध असतें. खरजेचे सूक्ष्म किडे कातडींत बोगदे करून अंडीं घालतात. कानांच्या कडा व कोपरें यांवरील केस आधीं झडतात. ही खरूज माणसासही कांहीं काळ त्रास देते. पिसवांच्या चाव्यानें खाज सुटली असल्यास ती कंबर व शेंपटीच्या बुडाशीं अधिक असते. कांहीं कुत्र्यांस फुलांतील पराग, धुळींतील सूक्ष्म किडे किंवा एखादें अन्न सोसत नाहीं. त्यांचे पंजे, कान, तोंड व बगला खाजतात. खाज ठराविक ऋतूंतच येत असेल तर परागाचा, बारमाही असेल तर धुळीचा वा अन्नाचा संशय घ्यावा. घाणेरड्या ओल्या जागेंत अंकुशकृमींच्या अळ्याही पंजाच्या कातडींतून शिरतात.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. जें औषध आपण कुत्र्याच्या पंजास लावतों तें थोड्याच वेळांत त्याच्या पोटांत जातें. म्हणून रॉकेल, इंजिनाचें जळकें तेल किंवा पिकांवर फवारण्याचीं कीटकनाशकें कधींही लावूं नयेत. अशा कित्येक विषांनीं लाळ गळते, अंग थरथरतें, झटके येतात व कुत्रा दगावतो. गुरांचें गोचीडनाशकही पशुवैद्यास विचारल्याखेरीज वापरूं नये.

घरीं करण्याजोगे उपाय सोपे आहेत. कुत्रा शेतांतून आल्यावर पंजे कोमट पाण्यानें धुवावे व बेचक्या फडक्यानें कोरड्या कराव्या. गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनीं चिरडूं नये. बसण्याची जागा कोरडी ठेवावी. दोन-तीन दिवसांत गुण न आल्यास, किंवा सूज, पू वा लंगडेपणा दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. तेथें कातडीचा खरवड सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून कारण ठरवितां येतें.

एका प्रसंगीं मात्र पंजा हातीं धरूंच नये. पूर्वीं दुसऱ्या जनावरानें चावा घेतलेली जागा कुत्रा एकाएकीं चाटूं वा कुरतडूं लागला, आणि त्याचा स्वभाव किंवा आवाज पालटला, अथवा त्यास गिळतां येईना, तर पिसाळ रोगाचा संशय धरून त्यास दूर कोंडावें व पशुवैद्यास कळवावें. त्याची लाळ आपल्या जखमेस लागल्यास ती साबण व वाहत्या पाण्यानें 15 मिनिटें धुऊन त्याच दिवशीं लस टोंचून घेण्यास जावें. हा रोग एकदां प्रकट झाल्यावर रोगी बहुधा वांचत नाहीं. म्हणून पिलूं 3 महिन्यांचें होतांच त्यास लस टोंचवावी व पुढें पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें ती पुन्हां द्यावी.

सायंकाळीं गुरें बांधतांना त्यांचे खूर पाहण्याचा आपला परिपाठ असतोच. त्याच वेळीं कुत्र्याचे चारही पंजे उलटून पाहिल्यास पुष्कळ दुखणीं आरंभींच हातीं लागतील.