रेघ उमटली नाही तर

तोंडात स्पंज धरून कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाशी काय बोलायचं, हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. गांजा आणि स्मरणशक्तीवरच्या कोलोरॅडोतल्या आमच्या अभ्यासात लाळेच्या चाचणीचं किट टपालाने घरी जातं. सहभागी ती स्वतः करतात, मी व्हिडिओ कॉलवर पाहते. आधी दहा मिनिटं खाणं-पिणं, च्युइंगम बंद. मग स्पंज गालाच्या आतून, जिभेखालून फिरवायचा, दांडीवरची खूण रंग बदलेपर्यंत. गांजाने तोंडाला कोरड पडते, त्यामुळे नुकताच ओढलेल्याची लाळ मिळायलाच सगळ्यात उशीर! तोवर आम्ही बर्फाबद्दल, मांजराबद्दल बोलतो.

खरा घोळ निकालाचा. पट्टीवर रंगीत प्रतिपिंडं असतात. लाळेत टीएचसी, म्हणजे गांजातला नशेचा पदार्थ, पुरेसा असेल तर ती त्यातच गुंततात आणि त्यांची रेघ उमटतच नाही. म्हणजे रेघ नाही तर पॉझिटिव्ह. फिकट का होईना, दिसली तर निगेटिव्ह. कोविडच्या किटने सगळ्यांना नेमकं उलटं शिकवून ठेवलंय. दोन रेघा दिसल्या की चेहरे पडतात. म्हणून आम्ही सांगतो, अर्थ लावू नका, फक्त फोटो पाठवा.

लाळेतलं टीएचसी रक्तातून फारसं येत नाही. धूर तोंडातून जाताना आतल्या अस्तराला लागून राहतो. त्यामुळे ओढणारा सापडतो, कॅप्सूल गिळणारा बहुधा सुटतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत अंश काही आठवडेही मिळतो. लाळेत साधारण दिवस-दोन दिवसांचाच मागोवा लागतो. मला ही कमतरता वाटत नाही. स्मरणशक्तीच्या चाचणीआधी गांजा टाळला का, एवढंच आम्हाला हवं असतं. मागच्या महिन्याचं काय करायचंय? शिवाय लघवीचा नमुना देताना कॅमेरा लावता येत नाही.

आमच्या किटची मर्यादा मिलिलिटरला 25 नॅनोग्रॅम. त्याखाली कितीही असो, किटच्या लेखी काहीच नाही. पण तपासलं जाणार हे माहीत असलं की माणसं खरं बोलतात, असं 1971मध्ये जोन्स आणि सिगल या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं होतं. आमच्याकडेही किट उघडण्याआधीच कुणीतरी म्हणतं, ‘काल रात्री थोडासा झाला.’ मग पट्टी निगेटिव्ह आली तरी ते वाक्य मी नोंदीतून खोडत नाही.