आरोग्य विम्याची सुवाह्यता आणि सार्वत्रिक आरोग्यसेवा : ऊसतोड कामगारांच्या संदर्भात

प्रस्तावना :

दसरा झाला की मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक 'कोयता' असे धरून मुकादम त्यांना उचल देतो आणि पुढील पाच-सहा महिने हे कुटुंब पालावर राहते. या काळात कोणी आजारी पडल्यास गावचे उपकेंद्र, ओळखीची आशा स्वयंसेविका आणि पूर्वीच्या उपचारांची कागदपत्रे मागे राहिलेली असतात. माणूस स्थलांतर करतो. त्याचा आरोग्याचा हक्क मात्र गावीच राहतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४५ कोटींहून अधिक लोक स्थलांतरित होते. त्यांत विवाहामुळे स्थलांतरित झालेल्या स्त्रियांची संख्या मोठी असली, तरी रोजगारासाठी गाव सोडणाऱ्यांचा प्रश्न त्यामुळे लहान ठरत नाही. म्हणूनच आरोग्य विमा व्यक्तीसोबत कसा जाईल आणि तेवढ्याने आरोग्यसेवा सार्वत्रिक होईल काय, या दोन प्रश्नांचा विचार करणे आवश्यक आहे.

सुवाह्यतेची संकल्पना :

विमा क्षेत्रात ज्यास 'पोर्टेबिलिटी' म्हटले जाते, त्यासाठी येथे 'सुवाह्यता' हा शब्द योजला आहे. विमा संरक्षणास साधारणतः तीन सीमा असतात : विमा कंपनीची, नोकरीची आणि राज्याची. या सीमा ओलांडल्यावरही जो हक्क अबाधित राहतो, तो सुवाह्य होय.

पहिली सीमा काही प्रमाणात सैल झाली आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या निर्णयानुसार १ ऑक्टोबर २०११ पासून ग्राहकास पूर्वीच्या प्रतीक्षा कालावधीचा लाभ न गमावता विमा कंपनी बदलता येते. तथापि, नवी कंपनी प्रस्ताव नाकारू शकते. शिवाय ही सोय हप्ता भरू शकणाऱ्यांसाठीच आहे.

नोकरीची सीमा अधिक कठोर आहे. १९४८ च्या कायद्यान्वये कर्मचारी राज्य विमा योजना १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. तिच्यात बाह्यरुग्ण उपचार, औषधे आणि आजारपणातील वेतनभरपाई यांचा समावेश असल्याने ती सर्वांगीण स्वरूपाची आहे. परंतु तिचा लाभ ठरावीक आस्थापनांतील व ठरावीक वेतनमर्यादेतील कामगारांपुरता आहे. नोकरी सुटल्यावर हे संरक्षण मर्यादित काळच टिकते. ऊसतोड कामगार मुकादमामार्फत कामावर येत असल्याने कारखाना सामान्यतः त्यांना आपले कामगार मानत नाही. हा प्रश्न केवळ अशिक्षितांचा आहे असेही नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांचे सत्र संपते तेव्हा नोकरीशी जोडलेले संरक्षण म्हणजे काय, याचा प्रत्यय महाविद्यालयांनाही येतो.

शासकीय योजना आणि राज्याची सीमा :

२००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील पाच जणांना वार्षिक ३०,००० रुपयांचे संरक्षण होते. स्थलांतरित कुटुंबाला स्मार्ट कार्ड विभागून घेण्याची मुभा होती; त्यामुळे गावी राहिलेले व बाहेर गेलेले असे दोघेही लाभ घेऊ शकत. २०१८ मध्ये या योजनेची जागा आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने घेतली. तीत कुटुंबास वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण असून देशभरातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात लाभ मिळू शकतो.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २०२० पासून ती केंद्राच्या योजनेसोबत एकत्रितपणे राबविली जाते. २०२३ मध्ये संरक्षणाची रक्कम दीड लाखांवरून ५ लाख करण्याचा व ती सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय झाला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु जी कुटुंबे केंद्राच्या यादीत नाहीत, त्यांचा हक्क मुख्यतः राज्यापुरताच राहतो. एकाच तालुक्यातील दोन कोयत्यांपैकी कोल्हापूरच्या फडावर गेलेल्यास जो लाभ मिळतो, तो सीमेपलीकडे गेलेल्यास मिळेलच असे नाही. आजार एकच असला तरी हक्क पत्त्यावर अवलंबून राहतो.

विम्याची मर्यादा :

सुवाह्यता साध्य झाली तरी दुसरा प्रश्न उरतोच. जन आरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी आहे. ताप, रक्तक्षय, मासिक पाळीच्या तक्रारी, प्रसूतिपूर्व तपासणी, मधुमेहाची रोजची गोळी यांसाठी कार्डाचा उपयोग होत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून होणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट लक्षणीय असली तरी उरलेला भार मोठाच आहे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कामावर खाडा झाल्यास मजुरी कापली जाते. फडावर शौचालय व स्वच्छ पाणी नसते. विश्वासाची प्राथमिक सेवा जवळ नसते. अशा स्थितीत साध्या तक्रारीचा शेवट शस्त्रक्रियेत होतो. केवळ शस्त्रक्रियेचा खर्च भागविणारा विमा या स्त्रीला वाचवू शकत नाही. तिला त्याआधीच्या तपासणीची गरज असते.

सुधारणेची दिशा :

पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, ही भूमिका भोर समितीने १९४६ मध्येच मांडली होती. डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ मध्ये करांच्या निधीतून सार्वत्रिक सेवा देण्याची शिफारस केली. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शासकीय आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के करण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता.

थायलंडचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे २००२ मध्ये सार्वत्रिक योजना लागू झाली, पण नागरिकाला नोंदणी केलेल्या ठिकाणीच प्राथमिक उपचार घ्यावे लागत. जानेवारी २०२४ मध्ये चार प्रांतांपासून आरंभ करून ओळखपत्रावर कोठेही उपचार घेण्याची सोय देण्यात आली. सार्वत्रिक सेवेलाही सुवाह्यतेची जोड द्यावी लागते, हे यावरून स्पष्ट होते.

यावरून पुढील उपाय सुचविता येतात :

१) राज्य योजनांच्या लाभार्थ्यांसाठी राज्याराज्यांत परस्पर देयकाचे करार करावेत.
२) विमा संरक्षणात बाह्यरुग्ण तपासणी व औषधांचा समावेश करावा.
३) गाळप हंगामात कारखाना परिसरात फिरते आरोग्य पथक ठेवावे व त्याची नोंद गावच्या केंद्राशी जोडावी.
४) कामगाराच्या नावे हंगामी अंशदान कारखान्याकडून घ्यावे.

समारोप :

कार्ड सोबत गेले म्हणजे सेवा सोबत गेली असे होत नाही. विम्याची सुवाह्यता ही सार्वत्रिक आरोग्यसेवेची पहिली पायरी आहे. तिचा पर्याय नव्हे. आरोग्याचा हक्क नोकरी, पत्ता व हप्ता यांपासून सोडवून व्यक्तीशी जोडला जाईल आणि फडाच्या जवळ तपासणारे कोणी असेल, तेव्हाच गाव सोडताना हा हक्कही कामगारासोबत निघेल.