बॅटरीचा नंबर शेवटी
घरची यंत्रं, घरची दुरुस्ती : लेखांक ९

गेल्या आठवड्यात रोबो व्हॅक्यूमच्या ब्रशात गुंतणारे केस कसे काढायचे ते पाहिलं. आता त्याहून त्रासदायक तक्रार: रोबो डॉकवर (चार्जिंगच्या बैठकीवर) जाऊन बसतो, पण चार्जच होत नाही. अशा वेळी ‘बॅटरी गेली’ म्हणून नवी बॅटरी मागवायची घाई होते. पैसे खर्च होतात आणि रोबो तसाच राहतो. म्हणून बॅटरीचा नंबर शेवटी लावावा. भिंतीतल्या सॉकेटपासून बॅटरीपर्यंत वीज ज्या वाटेनं येते, ती आधी क्रमानं तपासावी.

सॉकेटचं बटण चालू आहे ना, हे पहिलं. त्याच सॉकेटवर मोबाइल चार्ज होतो का बघा. रोबो कुणी अमेरिकेहून आणला असेल, तर डॉकवरचं किंवा अडॅप्टरवरचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नका. १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर काळजी नाही. नुसतं १२० असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल.

आता मुख्य जागा. डॉकला धातूच्या दोन पट्ट्या असतात आणि रोबोलाही तशाच दोन, बहुतेकदा पोटाखाली. इथे पिन आत घट्ट बसत नाही, धातूला धातू नुसता टेकतो. मधे पातळसा थर आला तरी वीज अडते. आपल्या घरांत हा थर नुसत्या धुळीचा नसतो. फरशी पुसायच्या पाण्यात फिनेल किंवा मूठभर खडेमीठ टाकायची पद्धत कितीतरी घरांत आहे. ओल्या फरशीवर रोबो फिरला की ते पाणी पट्ट्यांना लागतं, वाळतं आणि क्षार मागे राहतात. बोअरवेलचं जड पाणीही तेच करतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा यांची त्यात भर. पट्टीवर काळपट किंवा हिरवट डाग दिसला तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

रोबो बंद करून, डॉकचा प्लग काढून पट्ट्या कोरड्या सुती कापडानं पुसा. डाग हटला नाही तर शाळेतला खोडरबर हलक्या हातानं घासा, मग कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सँडपेपर मात्र नको. वरचा मुलामा निघाला की खालचा धातू अधिक वेगानं खराब होतो. आणि लादी वाळल्यावरच रोबो सोडायचा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पट्ट्या स्वच्छ आहेत, तरी चार्ज होत नाही? मग रोबो हातानं उचलून डॉकवर नीट बसवा. आता चार्ज झाला, तर बॅटरी ठीक आहे, दोष परतण्यात आहे. बरेचसे रोबो डॉकमधून निघणाऱ्या इन्फ्रारेड किरणांच्या मागानं परततात, तेव्हा डॉकवरची ती काळी चकचकीत खिडकी पुसा. झाडताना-पुसताना डॉक सरकला असेल तर तो भिंतीला टेकवा. समोर दीडेक मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर जागा मोकळी हवी. चपलांच्या रॅकखाली कोंबलेला डॉक रोबोला नीट गाठता येत नाही. पुढचं छोटं चाक केसांनी जाम झालं असेल, तरी तो डॉकवर पुरता चढत नाही.

हे सगळं करून भागलं नाही, तरच बॅटरीकडे वळा. लिथियम-आयन बॅटरी साधारण ० ते ४५ अंशांच्या पलीकडे चार्ज होऊ नये, म्हणून यंत्र स्वतःच चार्जिंग थांबवतं. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हाच्या खिडकीखाली डॉक असेल, तर रोबो दुपारी चार्ज होत नाही आणि रात्री होतो. अशा वेळी जागा बदलणं एवढाच उपाय. महिनोन्‌महिने बंद पडून राहिलेल्या बॅटरीचा विद्युतदाब फार उतरतो आणि आतलं संरक्षक सर्किट तिला तोडून टाकतं. काही मॉडेलं तिला कमी विजेवर हळूहळू पुन्हा उठवतात, म्हणून काही तास डॉकवर ठेवून बघायला हरकत नाही. बाहेरून तारा जोडून चार्ज करायचा प्रयोग मात्र कधीही करू नका, त्यातून आग लागू शकते.

बॅटरी फुगली असेल किंवा तिचं झाकण बसत नसेल, तर चार्जिंग ताबडतोब बंद. ती टोचू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा नवी घेताना जुनी परत घ्या, असं कंपनीला ठामपणे सांगा.