हाडाचा तुकडा मऊ होईपर्यंत

पेन्सिलीतल्या शिशाएवढा जाड, जेमतेम सेंटिमीटरभर लांब. फॉर्मॅलिनच्या बाटलीतला तो तुकडा चिमट्याने उचलण्याआधी प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ सोबतचा कागद वाचते: फुप्फुसाचा कर्करोग, कमरेच्या मणक्यातला नमुना, जनुक तपासणी हवी. शेवटचे शब्द वाचून ती आम्लाची बाटली बाजूला सारते.

हाडात कॅल्शियम असते, म्हणून मायक्रोटोमच्या पात्याने त्याचे पातळ काप निघत नाहीत. आधी ते मऊ करावे लागते. तीव्र आम्लात हे काम काही तासांत उरकते, पण पेशींमधल्या डीएनएची नासाडी होते. ईडीटीए या सौम्य रसायनाच्या द्रावणात दिवस मोडतात, डीएनए मात्र बराच शाबूत राहतो. बाहेर नातेवाईक रिपोर्टसाठी खेटे घालत असतात. हा उशीर कशासाठी, हे त्यांना कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवे.

‘हाडात पसरलाय’ ऐकले की घरच्यांच्या लेखी सगळे संपते. तसे नसते. ईजीएफआर जनुकात ठरावीक बदल सापडला तर रोजच्या गोळीने आजार रोखून धरता येतो. ओसिमर्टिनिब या अशाच गोळीच्या ‘फ्लॉरा’ चाचणीत असा बदल असलेल्या, आजार पुढे गेलेल्या रुग्णांपैकी निम्मे ३८.६ महिन्यांहून अधिक जगले; आधीच्या पिढीच्या गोळ्यांवर हाच आकडा ३१.८ होता. हाडात गाठी असलेल्यांना सहसा त्याहून कमी काळ मिळतो, तरी हा बदल असण्या-नसण्याने फार फरक पडतो.

किती काळ मिळेल याचा अंदाज बांधताना गाठ एकाच हाडात की अनेक, यकृत किंवा मेंदूही धरलाय का, वजन किती उतरले, रक्तातले कॅल्शियम चढलेय का, हेही बघितले जाते. एक प्रश्न मात्र कुठल्याच यंत्राचा नाही: “दिवसातला किती वेळ अंथरुणात जातो?” पेशंट दारापासून खुर्चीपर्यंत कसा येतो, हे अनुभवी डॉक्टर तेवढ्यात टिपतात.

पण दुखण्याने जखडलेला माणूस असतो त्याहून अशक्त दिसतो. म्हणून आधी दुखणे उतरवावे. दुखऱ्या मणक्याला ८ ग्रेचा किरणोपचार एकाच बैठकीत देता येतो. असा त्रास हलका करणारी काळजी म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर. बॉस्टनमधल्या, फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती सुरुवातीपासून मिळालेल्या गटातले निम्मे रुग्ण ११.६ महिन्यांहून अधिक जगले. दुसऱ्या गटात हा आकडा ८.९ होता.

तिसऱ्या दिवशी तंत्रज्ञ तुकडा हलकेच वाकवून बघते. अजून कडकच. जुने द्रावण ओतून ती नवे भरते आणि झाकणावर तारीख घालते.